डोमाजीचा शब्द

"शपथ कोनाची घ्याची जी? देवाची का तलावाची?"

डोमाजी वलथरेनं हे अगदी गंभीरपणे विचारलं होतं, तरी विश्रामगृहाच्या त्या खोलीत बसलेली माणसं हसली. मोहंती साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रश्न इंग्रजीत सांगितला, तसे तेही हसले आणि म्हणाले, "त्याला सांगा, खरं बोलण्याची घे."

"खरं बोलण्याची घ्या," मी म्हटलं.

"घेतली जी," डोमाजी म्हणाला आणि खुर्ची दिली असतानाही उभाच राहिला.

पंच्याऐंशी सालचा सप्टेंबर होता. मी सव्वीस वर्षांची होते. तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागून मला जेमतेम एक वर्ष झालं होतं आणि नोकरी अजून कच्चीच होती. तहसील कचेरीतला इंग्रजी जाणणारा कारकून काविळीनं घरी पडला म्हणून तहसीलदारांनी आमच्या प्राचार्यांना चिठ्ठी पाठवली, की चौकशीसाठी बाहेरून मोठे साहेब आलेत, जबान्यांचं इंग्रजी करून देईल असं कोणी आहे का. प्राचार्यांनी माझं नाव दिलं. मला कोण आनंद झाला होता! आईला पत्रात लिहिलं, 'सरकारनं बोलावलंय.' ठेवणीतली निळी साडी काढली.

चौकशी होती हिरडटोल्याच्या तलावाची. आमच्या त्या भागात गावोगावी जुने तलाव आहेत. तलावाच्या मातीच्या बांधाला तिकडे 'पार' म्हणतात. ती पार सांभाळणारा, कुणाच्या धानाला पाणी कधी सोडायचं ते ठरवणारा गावाचा एक माणूस असतो, त्याला पाणकर म्हणतात. हिरडटोल्याचा पाणकर डोमाजी. त्याच्या आधी त्याचा बाप, त्याच्याआधी आजा. ऑगस्टच्या शेवटी तीन दिवस पाऊस लागून राहिला आणि चौथ्या दिवशी भर दुपारी तलावाची पार गेली. खालच्या टोल्यातली, म्हणजे वस्तीतली, अकरा घरं वाहिली, नुकतं रोवलेलं धान गेलं, आणि सोनाबाई नावाची एक म्हातारी, जिला चालता येत नव्हतं, ती खाटेवरच बुडाली.

खोलीत आम्ही पाच जण होतो. टेबलामागे मोहंती साहेब, बाजूला त्यांच्याबरोबर आलेला टायपिस्ट, मी, समोर डोमाजी. आणि खिडकीजवळ वेताच्या खुर्चीवर उपअभियंता देशकर. तलाव त्यांच्या हद्दीत येत होता, म्हणून माहिती द्यायला त्यांना बसवलं होतं. त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहायची. भाडेकरू कसली, घरचीच होते. देशकर वहिनी रविवारी माझ्या डोक्याला तेल लावून द्यायच्या. मला ताप आला तेव्हा तीन रात्री उशाशी बसल्या होत्या.

"काय झालं ते सांग म्हणावं," मोहंती साहेब म्हणाले.

डोमाजी साठीचा असेल. धोतर गुडघ्यापर्यंत, अंगात पोलीस पाटलाचा असावा असा कुणाचा तरी मागून आणलेला स्वच्छ सदरा. त्यानं पावसापासून सुरुवात केली. सोमवारी पाणी किती चढलं, मंगळवारी किती. सांड्यावरून, म्हणजे जादा पाण्याच्या वाटेवरून, पाणी कसं नीट जात होतं. त्यानं स्वतः बुडी मारून पाणी सोडायच्या खालच्या मोरीचं लाकूड काढलं, ते कोणत्या वेळेला. तो एकेक गोष्ट बोटांनी दाखवत सांगत होता आणि मी एकेक वाक्य इंग्रजीत करत होते. साहेब ते थोडं इकडेतिकडे करून टायपिस्टला सांगत होते. माझी वाक्यं ते फारशी बदलत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं आणि माझी पाठ ताठ झाली.

"चौथ्या दिशी सकारी मी पारीवरच होतो," डोमाजी म्हणाला. मग थांबला.

"मग?"

त्यानं खिडकीकडे पाहिलं नाही. ते मला आता, इतक्या वर्षांनी, सगळ्यात स्पष्ट आठवतं. त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूकडे त्यानं पाहिलं, फक्त खिडकीकडे नाही.

"पारीचं फोडनं मी डोऱ्यानं पायलं जी," तो म्हणाला. "नोको मनलं होतं. तिथली माती कच्ची हाय मनलं होतं. मंग दुपारी सप्पाच गेली."

मी इंग्रजी केलं. "आय विटनेस्ड द ब्रीचिंग ऑफ द बंड."

मोहंती साहेबांनी मान वर केली. "गुड," ते म्हणाले. "व्हेरी नीट." आणि मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. टायपिस्टची बोटं चालली. पुढची दोन वाक्यं साहेबांनी स्वतःच पूर्ण केली, कारण जेवणाची वेळ झाली होती आणि अजून चार जबान्या बाकी होत्या.

मग रिवाजाप्रमाणे टाइप केलेला कागद मी हातात घेतला आणि डोमाजीला मराठीत वाचून दाखवला. तो डोळे मिटून ऐकत होता. मोरीचं लाकूड काढल्याच्या ठिकाणी त्यानं मान हलवली. पारीच्या वाक्याला डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान हलवली. मग पुढे येऊन डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवला. खाली टायपिस्टनं आधीच लिहून ठेवलं होतं, साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवलं, ते बरोबर असल्याचं त्यानं मान्य केलं. त्याखाली मी सही केली.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा डोमाजी विश्रामगृहाच्या फाटकाबाहेर उकिडवा बसला होता. मला बघून उठला.

"मॅडम, एक इचारू का?"

"विचारा ना."

"तो 'फोडनं'च लिवला ना साहेबानं?"

"हो. वाचून दाखवलं ना मी तुम्हाला."

"हो जी. आयकलं मी." त्यानं सदऱ्याची बाही सरळ केली. "मले वाचता येत नाई, मनून इचारलं. तुमी वाईट नोका वाटून घेऊ."

"नाही हो," मी म्हटलं.

तो हात जोडून गेला. हिरडटोला तिथून आठ मैल, आणि शेवटची गाडी गेलेली. तो चालत गेला असणार.

घरी आले तर देशकर साहेब अंगणात झोपाळ्यावर बसले होते. "शैलाताई, काय इंग्रजी आहे हो तुमचं!" ते म्हणाले. "मोहंती साहेब जेवताना तुमचंच कौतुक करत होते." वहिनींनी भरल्या वांग्याची वाटी आणून दिली. देशकर साहेब त्यावर अधिक काही बोलले नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा बी. ए.च्या पहिल्या वर्षाचा तास होता. धडा होता जेरंडचा, म्हणजे क्रियापदाचं नाम कसं होतं त्याचा. मराठीत आपण त्याला धातुसाधित नाम म्हणतो. 'पोहणं चांगलं असतं', 'त्याचं बोलणं मला आवडत नाही', यातलं पोहणं नि बोलणं. मी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, 'द ब्रेकिंग ऑफ द ग्लास'. सहज सुचलं ते लिहिलं. मागच्या बाकावर निर्मला कापगते नावाची मुलगी होती. बुजरी, पण प्रश्न विचारल्याशिवाय तिला राहवायचं नाही.

"मॅडम, ब्रेकिंग म्हणजे फुटणं का फोडणं?"

"दोन्ही," मी म्हटलं. "संदर्भावरून ठरतं."

"आपल्याकडं तर येगयेगळं असते. पेला फुटणं येगळं, पेला फोडणं येगळं."

"हो. इंग्रजीत नाम झालं की कधीकधी तो भेद राहत नाही."

"मग कोणी फोडला ते कसं कळते?"

वर्ग हसला. निर्मला लाजून खाली बसली. मी पण हसले. मग मी फळा पुसला आणि दुसरं उदाहरण घेतलं. तास संपायला वीस मिनिटं होती, पण मी दहा मिनिटं आधीच वर्ग सोडला. स्टाफरूममध्ये जाऊन बसले. समोर घड्याळ होतं. मोहंती साहेब त्या दिवशी दुपारपर्यंत गावात होते, ते मला माहीत होतं. विश्रामगृह कॉलेजपासून दहा मिनिटांवर. मी साडेदहापासून पावणेएकपर्यंत त्या खुर्चीवर बसले होते. मग साहेबांची जीप कॉलेजवरून गेली. फाटकाशी थांबली, शिपाई एक पाकीट घेऊन आत आला. साहेबांनी माझ्यासाठी प्रमाणपत्र लिहून दिलं होतं. 'असाधारण भाषाज्ञान' असे त्यात शब्द होते.

अहवाल जानेवारीत आला. त्याची एक प्रत प्राचार्यांच्या टेबलावर होती, तिथेच मी उभ्या उभ्या वाचली. अतिवृष्टी झाली, पाणी वेळेवर सोडलं गेलं नाही आणि जुनी पार आपोआप खचून फुटली, असा निष्कर्ष होता. पार फुटताना पाणकर जागेवर हजर होता आणि त्यानं ती फुटताना पाहिली, हे त्याच्या जबानीवरूनच सिद्ध होतं. असं असून त्यानं टोल्याला वेळेवर सावध केलं नाही. जबाबदारी पाणकराची. आधाराला जे वाक्य दिलं होतं ते माझं होतं. अवतरणचिन्हांत, जसंच्या तसं.

डोमाजीवर निष्काळजीपणाचा खटला झाला. तो दोन वर्षं चालला आणि शेवटी डोमाजी पुराव्याअभावी सुटला, पण तोवर गावानं आपला निकाल देऊन टाकला होता. पाणकरी दुसऱ्या घराण्याकडे गेली. खालच्या टोल्यातल्या बाया विहिरीवर त्याच्या बायकोला दोर देईनात. सोनाबाईचा मुलगा डोमाजीच्या दारात येऊन नुसता उभा राहायचा. हे मला निर्मलानं सांगितलं. तिची मावशी हिरडटोल्याची. मी तोपर्यंत नागपूरला आले होते. अर्जाला ते प्रमाणपत्र जोडलं होतं. मुलाखतीत त्याच्याबद्दल विचारलंही होतं.

आता जे मी वर सांगितलं नाही, ते सांगते.

'ब्रीचिंग ऑफ द बंड' म्हणजे फुटणंही होतं आणि फोडणंही. ते मी म्हटलं तेव्हा मोहंती साहेबांनी मला विचारलेला प्रश्न असा होता, "म्हणजे ती आपोआप खचली?" साधा, सरळ प्रश्न. ज्याला भाषा येत नाही अशा प्रामाणिक माणसानं विचारावा तसा. मी "यस सर" म्हटलं. 'नोको मनलं होतं' हे तर मी इंग्रजीत केलंच नाही.

मला माहीत नव्हतं असं नाही. पार गेली त्या दिवशी सकाळी साडेसहाला माझ्या खोलीच्या खिडकीतून मी देशकर साहेबांची जीप पाहिली होती. मागे सहा मजूर, फावडी आणि टिकास. वहिनी पावसात छत्री धरून त्यांना चहा देत होत्या. तलावाच्या सांड्याखालच्या नाल्यावर साहेबांनी नवा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, बांधला होता आणि आठवड्यानं मंत्री त्याचं उद्घाटन करणार होते. सांड्याचं पाणी आणखी चढलं असतं तर रपटा गेला असता. म्हणून दुसऱ्या टोकाला पार थोडी कापून पाणी तिकडून काढून द्यायचं त्यांनी ठरवलं. डोमाजीनं नको म्हटलं, तिथली माती कच्ची आहे म्हटलं. ते खरंच होतं. थोडी कापलेली पार पाण्यानं सगळीच नेली.

डोमाजी देशकर साहेबांचं नाव घेऊ शकत नव्हता. ते चार हातांवर बसले होते. पण त्यानं 'फुटणं' म्हटलं नाही. 'फोडणं' म्हटलं. नाव न घेता जेवढं सांगता येईल तेवढं त्यानं त्या एका शब्दात घातलं होतं, आणि ते नीट पोचवायला समोर मी होते. पुढचं विचारायचं काम साहेबांचं होतं. 'फोडलं' हे कळलं असतं तर त्यांनी 'कोणी' विचारलं असतं. ते विचारणारे होते.

आणि शेवटचं. कागद वाचून दाखवताना मी डोमाजीला मराठीत काय वाचून दाखवलं? माझ्या वाक्याला साहेबांनी 'आपोआप खचली' हे जोडलं होतं, म्हणजे 'पार आपोआप खचताना मी पाहिली' असं कागदावर होतं. मी त्याला वाचून दाखवलं, 'पारीचं फोडणं मी पाहिलं.' त्याचं नको म्हणणंही धरून, त्याच्याच शब्दात. न अडखळता. म्हणून त्यानं अंगठा दिला. मी घाबरले होते असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण घाबरलेला माणूस अडखळतो.

ब्याण्णव साली परीक्षेच्या कामासाठी त्या तालुक्याला गेले होते. निर्मला तिथल्याच शाळेत शिक्षिका झाली होती. तिनं सांगितलं, डोमाजी आता हिरडटोल्याला राहत नाही, बायको वारल्यावर लेकीकडे गेला, दोन गावं पलीकडे. दुपारची गाडी होती. मी एकटीच गेले. गाडीत सगळा वेळ मनाशी एक वाक्य घोकत होते, 'डोमाजी, तुमचा शब्द मी मुद्दाम बदलला.' एवढंच. मराठीत. त्यात कोणी काय केलं याबद्दल काही शंका राहणार नाही असं.

डोमाजी ओट्यावर जाळं विणत बसला होता. फार वाळला होता. डोळ्यांना कमी दिसत असावं, कारण मी अगदी जवळ जाईपर्यंत तो हलला नाही.

"ओळखलं का?" मी विचारलं.

त्यानं आवाजावरून ओळखलं. "इंग्रजीच्या मॅडम!" तो धडपडत उठला. "या जी, बसा जी. पोरी, खाट टाक वो."

लेक दारात येऊन उभी राहिली. चाळिशीची, बापासारखीच उंच. तिनं खाट टाकली, पाणी दिलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी कोण, हे तिला माहीत होतं. पुन्हा दाराशी जाऊन चौकटीला टेकून ती उभी राहिली.

डोमाजीनं माझी खुशाली विचारली. नागपूरला कशा असता, लगन झालं का, लेकरं किती. मी उत्तरं दिली. मग मी म्हटलं, "डोमाजी, त्या चौकशीबद्दल मला तुम्हाला..."

"त्याचं तुमी काही मनात ठेवू नोका जी," तो घाईनं म्हणाला. जणू मला त्रास होऊ नये याचीच त्याला काळजी होती. "वकिलानं मले सांगतलं मंग. कागदात तसं नाई मने. ही पोरगी तुमाले लय बोलली. मी मनलं, त्या बाईचा तोंडवळा मी पायला हाय, थे खोटं करणारी नोहे. मी लय इचार केला. मंग मले समजलं." तो पुढे झुकला. "इंग्रजीत तो शब्दच नसंल. नाई का? आपल्याकडं फुटनं येगळं अन् फोडनं येगळं. त्यायच्याकडं एकच असंल. मंग तुमी तरी काय करसाल?"

त्यानं मान थोडी तिरकी करून कान माझ्याकडे केला. लेक दारात तशीच उभी होती, पण आता माझ्याकडे बघत होती.

बाहेर कुठेतरी धान कांडल्याचा आवाज येत होता. मी त्या सात वर्षांत इंग्रजीचं व्याकरण हजार मुलांना शिकवलं होतं. 'दे कट द बंड.' चार शब्द. पाचवीतलं मूल लिहील.

"हो," मी म्हटलं. "एकच शब्द आहे."

"पाय!" डोमाजी लेकीकडे वळून म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला, की मला मान खाली घालावी लागली. "मी सांगत होतो का नाई तुले? शब्दच नाई त्यायच्यात. बाईनं कुठून आनावा?"

लेकीनं पदरानं तोंड पुसलं. दोन पावलं पुढे आली आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"माफ करजा जी, मॅडम. म्या तुमाले लय शिव्या देल्ल्या. उन्हाच्या आलात, जेवून जा."

मी नको म्हणायला हवं होतं. गाडीची वेळ झाली होती, तसं सांगता आलं असतं. पण डोमाजीनं माझ्या हातावर पाणी घालायला तांब्या उचलला होता.

मी हात धुतले. आत जाऊन पाटावर बसले. तिनं भात वाढला, वर मासोळीचा रस्सा घातला. डोमाजी समोर बसून, त्याला नीट दिसत नसतानाही, मी जेवते की नाही ते बघत होता. लेकीनं दुसऱ्यांदा भात वाढला, तेव्हाही मी नको म्हटलं नाही.